पत्र्याच्या छपराखालची चित्रशाळा

अमिरातीत पाहुणे आले की त्यांचा तीन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा आणि कारंजी, दुसऱ्या दिवशी वाळवंटातली सफारी, तिसऱ्या दिवशी अबू धाबीची मोठी मशीद, आणि मधल्या वेळात गोल्ड सूक. आम्हीही कित्येक वर्षं हीच आरती म्हणत आलो आहोत. पण अलीकडे पाहुण्यांपैकी कुणी जरा वेगळं बघायला उत्सुक दिसलं, की आम्ही गाडी अल कूझकडे वळवतो. टाइल्सची दुकानं, टायरांचे ढीग, सिमेंटचे मिक्सर, लाँड्रीच्या गाड्या, कामगारांच्या बसगाड्या. गेल्या वर्षी पुण्याहून आलेले आमचे काका खिडकीतून बघत म्हणाले, "अरे, हे तर आमचं भोसरी! एवढं विमानाचं तिकीट काढून आम्हाला भोसरी दाखवतोस?" काकांचं चुकलं नव्हतं. फक्त या भोसरीच्या पोटात दुबईची चित्रकला राहते, हे बाहेरून कळत नाही.

अल कूझला आम्ही पूर्वी फक्त पोटासाठी जात असू. वातानुकूलन हा आमचा धंदा. मुंबईत डिग्री, इंग्लंडमध्ये मास्टर्स, आणि मग वीस वर्षं लोकांच्या छपरांवर एसीची यंत्रं चढवणं. त्यामुळे इथल्या शेड आम्हाला आतून-बाहेरून पाठ. आमच्या सौ.चं तिथे जाणं मात्र चित्रांमुळे सुरू झालं. ती जे. जे.च्या अप्लाइड आर्टची. लग्न होऊन शारजाला आली, आणि ब्रश जे कपाटाच्या वरच्या फळीवर गेले ते मुलगी नववीत जाईपर्यंत तिथेच राहिले. कारण काही मोठं नाट्यमय नाही. जागा नव्हती. दोन बेडरूमचा फ्लॅट, कायम बंद खिडक्या आणि मध्यवर्ती एसी. टर्पेंटाइनची बाटली उघडली की पाच मिनिटांत वास डक्टमधून सगळ्या खोल्यांत! (आमच्याच धंद्याची करामत.) आणि घरमालकाशी केलेल्या करारात भिंतीला खिळा मारायचीही चोरी.

वाचकहो, तुम्ही जर टोरांटो किंवा न्यू जर्सीकडचे असाल तर हे चटकन पटायचं नाही. तुमच्याकडे बेसमेंट असतं, गराज असतं. ढोलताशाचा सराव तिथे, नाटकाचं नेपथ्य तिथे, गणपतीची आरासही तिथेच. इथे तळघर नाही, माळा नाही, अंगण नाही. त्यामुळे या देशात ज्याला हाताने काही करायचं आहे, त्याला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची तरी रिकामी जागा शोधावी लागते. ती कशी शोधली गेली, हे बघण्यासारखं आहे.

अल कूझमधल्या त्या गल्लीचं नाव अल्सरकाल अव्हेन्यू. जागा अल्सरकाल कुटुंबाची. पूर्वी तिथे संगमरवराचा कारखाना होता. अब्दुलमोनेम अल्सरकाल यांनी २००७ साली तिथली गोदामं कलेच्या कामासाठी द्यायला सुरुवात केली, आणि एकापाठोपाठ एक गॅलऱ्या येत गेल्या. २०१५ मध्ये शेजारच्या जमिनीवर नव्या शेड बांधून जागा जवळजवळ दुप्पट केली. २०१७ साली तिथे 'काँक्रीट' नावाचं सभागृह झालं. रेम कूलहास यांच्या ओएमए या कंपनीने चार गोदामं एकत्र करून त्यांना सरकत्या आणि फिरत्या भिंती बसवल्या. भिंती हलवल्या की एका दालनाची चार होतात, नाहीतर एकच मोठं राहतं. २०१८ मध्ये 'सिनेमा अकील' नावाचं छोटं चित्रपटगृह आलं, तिथे जगभरचे गाजावाजा नसलेले सिनेमे लागतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे स्मिता प्रभाकर यांनी २०१९ साली सुरू केलेलं 'इशारा आर्ट फाउंडेशन'. दक्षिण आशियाई चित्रकारांसाठीचं हे दालन, आणि तेही अशाच एका शेडमध्ये.

चित्रकार शेड का शोधतात, हे आमच्यासारख्या तांत्रिक माणसाला पहिल्या नजरेत कळतं. मधे खांब नसतो. उंची भरपूर. शटर एवढं मोठं की ट्रक आत येतो, म्हणजे दहा फुटी शिल्पही बाहेर जाऊ शकतं. जमिनीवर रंग सांडला तर कुणी ओरडत नाही. आणि शेजारी सुतार, वेल्डर, काच कापणारे, फ्रेमवाले हाकेच्या अंतरावर. पण याची किंमत एसीवाल्याला विचारा! अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि जुलैचं ऊन. दुपारी त्या पत्र्याला हात लावला तर फोड येईल. (इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, यावरून कल्पना यावी.) नुसता थंडावा देऊनही भागत नाही. ऑगस्टमधली इथली हवा आपल्या कोकणातल्यासारखी ओली असते. ज्याने हौसेने ते मोठं शटर उघडलं, त्याच्या थंडगार दालनातल्या प्रत्येक काचेवर दोन मिनिटांत पाणी जमतं. कागदावरच्या कामाला हे विष. त्यामुळे जुन्या शेडला चित्रांच्या लायक करायचं म्हणजे छपराला आतून इन्सुलेशनचा जाड थर, दाराशी मधली एक बंदिस्त खोली, आणि ओलावा काढणारं वेगळं यंत्र. ही रोमँटिक वाटणारी 'गोदामातली कला' वीजबिलावर उभी आहे, हे कुणी कॅटलॉगमध्ये लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

त्याच गल्लीत २०१६ साली विक्रम दिवेचा या मुंबईत वाढलेल्या कलाकाराने जे केलं, ते ऐकून आमच्या ऑफिसातले लोक हसले आणि आम्ही मात्र खूश झालो. त्यांना काम करायला तिथलं एक गोदाम मिळालं. त्यांनी ते एका व्यापारी कंपनीला माल ठेवायला दिलं. खोकी आली, खोकी गेली, हमालांनी थप्प्या लावल्या आणि मोडल्या. बघायचं ते हेच! गोदामातला माल काढून चित्रं लावतात, तिथे त्यांनी चित्रं बाजूला ठेवून माल परत आणला. पुढच्या वर्षी शारजा बिएनालेत त्यांचं 'बीज' नावाचं काम होतं. त्यात शारजातल्या पाकिस्तानी माळ्यांनी गावाकडून आणलेलं बियाणं होतं. अशा कामाला चित्रकला म्हणायचं की नाही यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला. मुलीच्या मते नक्कीच. सौ.च्या मते हे हुशार आहे पण हाताला रंग लागला पाहिजे. आम्ही गप्प बसलो. वीस वर्षं या देशात माल येताना-जाताना बघत आल्यावर कुणीतरी त्याच्याकडे टक लावून बघायला सांगतं, एवढं आम्हाला पुरलं.

आता 'रेसिडेन्सी' या शब्दाविषयी. इथे राहणाऱ्या तुमच्या-आमच्या कानाला रेसिडेन्सी म्हणजे व्हिसा. दोन-तीन वर्षांनी संपणारा, कंपनीच्या हातातला, नोकरी गेली की दिवस मोजायला लावणारा. कलावंतांच्या जगात तो शब्द उलट्या अर्थाने वापरतात. तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी राहायला खोली, काम करायला स्टुडिओ आणि थोडे पैसे देतात, आणि सांगतात, काम कर. मुदत संपली की जा. अल्सरकालने २०१७ पासून अशी रेसिडेन्सी सुरू केली. चित्रकारांबरोबर लेखक, अभ्यासक यांनाही. त्याआधी दुबईच्या जुन्या बस्तकिया भागात (आता अल फहिदी म्हणतात) काही वर्षं असा उपक्रम चालत असे. टशकील, दुबईचं सांस्कृतिक खातं, आर्ट दुबई आणि लंडनचं डेल्फिना फाउंडेशन मिळून तो चालवीत. इराणच्या बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या घरांत हे कलाकार हिवाळ्यात येऊन काम करीत.

त्या घरांवरचे बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे, हा आमचा खास जिव्हाळ्याचा विषय. मनोरा चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारख्या आडव्या-तिडव्या भिंती. वारा कुठूनही आला तरी त्या बाजूच्या कप्प्यातून खाली खोलीत उतरतो, आणि विरुद्ध बाजूच्या कप्प्यातून गरम हवा वर ओढली जाते. वीज नाही, मोटर नाही, दुरुस्तीचा करार नाही. आमच्या धंद्याचे हे आद्य गुरू! १९८०च्या दशकात यातला बराच भाग पाडला गेला. उरलेला वाचला तो काही लोकांनी आग्रह धरला म्हणून. त्यात तिथेच राहणारे रेनर ऑटर नावाचे इंग्रज वास्तुशास्त्रज्ञ होते.

ज्यांना परदेशातून यायचं नाही, इथेच आहेत, नोकरी-घर सांभाळून काम करायचं आहे, त्यांच्यासाठी आमच्या मते सगळ्यात उपयोगी जागा टशकील. शेखा लतीफा बिंत मक्तूम यांनी २००८ साली ती नाद अल शेबात सुरू केली. सभासद व्हायचं आणि तिथली छपाईची यंत्रं, डार्करूम, दागिन्यांचं काम करायच्या सोयी वापरायच्या. व्यायामशाळेचं सभासदत्व घेतात ना, तसंच. आणि ज्यांना एवढंही नको, फक्त एक संध्याकाळ कॅनव्हाससमोर उभं राहायचं आहे, त्यांच्यासाठी हेतल पवानी यांचं 'द जॅमजार' २००५ सालापासून आहे. रंग, ब्रश, कॅनव्हास त्यांचे, वेळ तुमचा. सौ.ने इतक्या वर्षांनी पहिला ब्रश तिथेच धरला. शेजारच्या ईझलवर एका बँकेतला माणूस टाय सैल करून निळ्या रंगाचे पट्टे ओढत होता, ते तिला फार आवडलं.

दुबईची ही सगळी मांडणी पैशाने झाली असं आपल्याला वाटतं, पण तिच्या मुळाशी एक हट्टी माणूस आहे. हसन शरीफ (१९५१-२०१६). लंडनच्या बायम शॉ कलाशाळेतून शिकून १९८४ साली परतले, आणि त्याच वर्षी शारजात अल मरीजा इथे मित्रांबरोबर कामाची जागा उघडली. त्यावेळी इथे ना गॅलरी, ना गिऱ्हाईक. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू, पुठ्ठे, दोऱ्या, रबरी चपला, तारा घ्यायच्या, कापायच्या, बांधायच्या आणि ढीग रचायचे. लोक हसत. २००७ मध्ये त्यांच्या भावाने अल कूझमधल्या एका व्हिलात 'फ्लाइंग हाऊस' उघडून त्यांची आणि त्यांच्या पिढीची कामं एकत्र ठेवली. म्हणजे गोदामांना बरे दिवस येत होते, त्याच वेळी त्याच वस्तीत ही मंडळी साध्या घरातून काम दाखवत होती.

शारजात बिएनाले १९९३ पासून भरते. पुढे २००९ मध्ये शेखा हूर अल कासिमी यांनी शारजा आर्ट फाउंडेशन स्थापन केलं, आणि या संस्थेला जुन्या इमारतींचं विलक्षण वेड. आमच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर 'फ्लाइंग सॉसर' म्हणजे उडती तबकडी आहे. सत्तरच्या दशकातली गोल, काचेची इमारत. हॉटेल झालं, दुकान झालं, आमच्या डोळ्यांदेखत तिथे तळलेली कोंबडी विकत. आता २०२० पासून ते कलाकेंद्र आहे. पूर्व किनाऱ्यावर कलबा इथे खाडीकाठी एक बर्फाचा कारखाना होता, तिथे प्रदर्शनं होतात. बर्फाचा कारखाना म्हटल्यावर आम्ही अर्थातच यंत्रं शोधत फिरलो. ती नव्हती. उत्तरेला हमरिया या कोळ्यांच्या गावी जुन्या बाजाराच्या जागेवर २०१७ मध्ये स्टुडिओ बांधले. अबू धाबीच्या मीना झायेद बंदरातली गोदामंही २०१५ पासून 'वेअरहाऊस ४२१' नावाने या कामाला लागली. आणि आमच्या वाटेवरच्या अल ममझारमध्ये दोघा भावांनी २०२१ साली आजीचं घर चित्रकारांसाठी उघडलं, 'बैत अल ममझार'. आजीचं घर! आपल्याकडे वाडा बिल्डरला जातो.

तरी आपल्या लोकांनी हे केलं नाही असं नाही. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवा. १९७४ पासून 'आविष्कार'च्या मंडळींनी, म्हणजे अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी, शाळा सुटल्यावर तिथे नाटकं केली. पडदा नाही, विंग नाही, प्रेक्षक खुर्च्यांवर आणि जमिनीवर. सकाळी पुन्हा तिथे मुलं. बरीच वर्षं मराठी प्रायोगिक रंगभूमीचा पत्ता म्हणजे ती शाळा. त्याच्याही आधी वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यात नाममात्र भाड्याने स्टुडिओ मिळत. गायतोंडे तिथे रंगवायचे, हुसेन तिथे, रविशंकरांचं 'किन्नर' तिथे, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तिथे. सतारवाला आणि चित्रकार एकाच जिन्यावर भेटत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्येही १९७६ साली एका बंद पडलेल्या शाळेत 'पी. एस. वन' सुरू झालं, तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. फरक एवढाच की पी. एस. वन टिकलं. छबिलदासचं पर्व संपलं, भुलाभाईंचा बंगला पाडला गेला, वॉर्डन रोडला त्यांचं नाव मात्र मिळालं.

आता आमच्या शेडबद्दल. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कोल्हापूरकडचे एक गृहस्थ दुकानांच्या पाट्या बनवतात. अॅक्रिलिक, एलईडी, संगणकावर कापलेली अक्षरं. मूळ धंदा मात्र ब्रशचा, तरुणपणी सिनेमाची पोस्टरं रंगवलेली. त्यांच्या शेडला लाकडी माळा आहे. तीन वर्षांपूर्वी सौ.ने कुठल्याशा पाटीच्या निमित्ताने तो पाहिला, आणि ते म्हणाले, "वहिनी, वर नुसती धूळ बसती. तुम्हाला पायजे तर घ्या." भाडं घेत नाहीत. शनिवारी आणि दोन संध्याकाळी आमच्याकडच्या चौघीजणी तिथे काम करतात. एक गोधड्यांची चित्रं शिवते, एक कागदाच्या लगद्याचे मुखवटे करते, एक अजून ठरवते आहे, आणि सौ. रंगवते. आम्ही माळ्याला इन्सुलेशन लावून दिलं आणि एका मोडीत निघालेल्या एसीला जीवदान दिलं. गृहस्थ मधूनच चहाचा पेला घेऊन वर येतात, काही न बोलता बघतात, आणि जाताना एखादाच शब्द टाकतात. "त्यो पिवळा जरा मारा." बहुधा बरोबर असतं.

हा माळा आता जाणार आहे. त्यांना मोठं कंत्राट मिळालं, माल ठेवायला जागा हवी. त्यांना आनंद झाला आणि सांगताना ओशाळलेही. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे. धंदा वाढला, त्यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण चौघींचा प्रश्न उभा राहिला, आणि तो आम्ही मंडळात मांडला.

मंडळातली पहिली प्रतिक्रिया काय असेल? "गणपतीत प्रदर्शन लावू या की!" दुसरी : "दिवाळी पहाटला मुखवट्यांचा एक नाच बसवता येईल." मंडळी, यात प्रेम आहे, आम्हाला कळतं. पण आपण परदेशी मराठी माणसं कार्यक्रमाला हॉल घेतो, केटरर घेतो, मुंबईहून कलाकार आणतो, आणि कामाला जागा द्यायची म्हटली की विचारतो, दाखवणार काय? आठवडाभर तीच एक गोधडी उसवून पुन्हा शिवणाऱ्या बाईला दाखवायला काहीही नसतं. रेसिडेन्सीवाल्या लोकांनी हे ओळखलं आहे. तीन महिने देतात आणि त्या काळात काय होतं ते होऊ देतात. दुबईने २०१९ साली कलावंतांसाठी दहा वर्षांचा सांस्कृतिक व्हिसा जाहीर केला, तो नावारूपाला आलेल्यांसाठी. ज्यांचं नाव व्हायचं आहे किंवा ज्यांना नाव नकोच आहे, अशांना लागते ती आठवड्यातून तीन वेळा उघडणारी खोली.

आम्ही हिशोब मांडून दिला आहे. अभियंत्याला दुसरं काय येतं? एका मोठ्या कार्यक्रमाच्या हॉल आणि जेवणाच्या खर्चात टशकीलसारख्या ठिकाणची किती सभासदत्वं होतात, हा एक तक्ता. दुसरा, एखाद्या शाळेची चित्रकलेची खोली शाळा सुटल्यावर मागायची, छबिलदाससारखी. शाळेच्या परवानग्या, विमा, कोण कुलूप उघडणार, कोण झाडणार, सगळं लिहिलं आहे. टर्पेंटाइन कुठे ठेवायचं तेही लिहिलं आहे, कारण अग्निशमनवाले पहिला प्रश्न तोच विचारतील. खजिनदारांनी कागद ठेवून घेतला. "बघू," म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ त्यांच्या घरच्यांनाही लावता येत नाही.

इथे सगळ्यांच्याच मनात एक गणित मागे चालू असतं : परत जाऊ तेव्हा हे सगळं कुठे जाईल? म्हणून इथल्या आपल्या घरांत मोठी कपाटं नसतात, जड टेबलं नसतात, आणि चित्रं असली तर बॅगेत मावतील अशी. सौ.ने मात्र जानेवारीत माळ्यावर सहा फूट बाय आठ फूट कॅनव्हास ताणून घेतला. चौकट खालच्याच सुताराने केली. आम्ही टेप घेऊन मोजलं आणि सांगितलं, की हा आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बसणार नाही, जिन्याच्या वळणावरही अडकेल. ती म्हणाली, "लिफ्टमध्ये बसेल एवढंच काढत आले की इतकी वर्षं."

मंडळाची पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. चित्राचा खालचा अर्धा भाग झाला आहे.